पिल्लाचे पोट

दिवाळी अंकासाठी लिहायला बसताना माणसाने निदान विषय तरी मंगल निवडावा, असे आमच्या आईचे मत आहे. मी काय लिहितो आहे हे तिला कळले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "लोक फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवून वाचतात, आणि तू त्यात मांजराच्या परसाकडेचं लिहिणार?" तिचे म्हणणे रास्त आहे. पण मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत माणसांनी प्रेम केले, भाऊबंदकी केली, बांधाच्या भांडणापायी कोर्टात खेटे घातले आणि शेवटी मेलीही. पण तिन्हींत मिळून एकाही माणसाला मी कधी परसाकडे पाठवले नाही. घरात तान्हे मूल असले किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असले, की सकाळचा पहिला प्रश्न तोच असतो. तो आपण सगळेच विचारतो, फक्त लिहीत नाही. मीही लिहिला नसता. पण एका पिल्लाने आमच्या घराला पाच दिवस ह्या एकाच प्रश्नावर खिळवून ठेवले आणि माझे एक जुने कोडे सोडवले, म्हणून लिहितो.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरच होते. अहिल्यानगर ते त्याच वर्षी पुढे झाले. १३ मे रोजी लोकसभेचे मतदान होते आणि नेवासे तालुक्यातल्या आमच्या शाळेत केंद्र लागायचे होते. मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. सुटीतही मी गावातच असतो, तेव्हा वर्ग रिकामे करून देण्याचे काम माझ्याकडे आले. बाके ओढताना जुन्या चित्रांच्या गठ्ठ्यामागून एक मांजर फिस्कारून बाहेर पडली. थोड्या वेळाने ती परत आली आणि एक पिल्लू मानेला धरून कौलांवरून पलीकडे गेली. मग दुसरे नेले. तिसऱ्यासाठी ती आलीच नाही. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते म्हणतात. ह्या तिसऱ्याच्या वाट्याला दुसरे घरही येईना. आम्ही माणसे दूर झालो, कोपरा तसाच ठेवला, अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी यंत्रे घेऊन मतदानाची मंडळी यायची होती. शेवटी चित्रांच्या कागदांच्या खोक्यात घालून मी ते घरी आणले.

वाटेत शेजारच्या अण्णांनी खोक्यात डोकावून पाहिले. ते म्हणाले, "सर, मांजराचं अजून पुरलं नाही का आपल्या तालुक्याला?" मला उत्तर सुचले नाही. त्याआधी महिनाभरच, ९ एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, आमच्याच तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर पडीक विहिरीत पडले होते. त्या विहिरीत गोबरगॅसची शेणमळी साचलेली. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, आणि अशी एकामागून एक पाच माणसे त्या विषारी वायूने गेली. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता म्हणून वाचला. ती बातमी देशभर झाली, आणि "मांजरापायी" हा शब्द आमच्याकडे काही दिवस कोणी मोठ्याने उच्चारीत नव्हते. मी खोके छातीशी धरले आणि खाली मान घालून घरी आलो.

पिल्लू दोन आठवड्यांचे असेल. डोळे नुकते उघडलेले, निळसर, अजून कुठेच न लागणारे. किराणा दुकानातल्या काट्यावर ते १८० ग्रॅम भरले. दुकानदाराने त्याला साखरेच्या पुडीसारखे उचलून ठेवले. सातवीतल्या आमच्या धाकटीने त्याचे नाव राई ठेवले.

आता पाजायचे काय? आमच्या भागात हा प्रश्न विचारणाऱ्याला लोक हसतील. मुळेच्या कालव्याने ऊस आला, उसाच्या वाढ्यांवर संकरित गाई आल्या, आणि आज गल्लोगल्ली दूध संकलन केंद्रे आहेत. साडेतीन फॅट आणि साडेआठ डिग्री हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. अशा दुधाच्या गावात मांजराच्या पिल्लाला दूध मिळेना, कारण मी ते देईना. त्याला माझे कारण होते.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या नदीकाठच्या घरात एक मांजर शिंक्यावरच्या सायीला चटावली होती. चुलत्यांनी तिला गोणपाटात घालून प्रवरेपलीकडे सोडले. दोन दिवसांनी माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागला तेव्हा कळले, की ती व्यालेली होती. तीनांतली दोन गेली होती. उरलेले एक मी वाचवायला घेतले. कापसाची वात गाईच्या दुधात बुडवून मी त्याला उताणे निजवून पाजीत असे. ते चोखायचे, आणि त्याचे पोट असे गोल व्हायचे, की मी येईल त्याला अभिमानाने दाखवायचो, "बघा, कसं टम्म झालंय!" तिसऱ्या दिवशी ते पिईना. रडून रडून त्याचा आवाज बसला. मी आणखी पाजू पाहिले. चौथ्या दिवशी सकाळी ते खोक्यात ताठ पडले होते, आणि पोट मात्र तसेच टम्म होते.

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे मी ऐकलेले होते. रात्री अंथरुणात मी आईला विचारले, "सोन्याचं मांजर खऱ्याएवढं करावं लागतं, की लहान चालतं?" आई म्हणाली, "झोप. त्याचं आयुष्यच तेवढं होतं." मी झोपलो, पण भरल्या पोटाने कोणी कसे मरते, हे मला कळले नाही. पुढे मॅट्रिकनंतर माझा विज्ञानाशी संबंधच सुटला, आणि ते कोडे तसेच राहिले.

म्हणून राईला मी गाईचे दूध लावले नाही. रात्रीपुरते कोमट पाणी चाटवले आणि सकाळच्या गाडीने भाच्याकरवी नगरहून पिल्लांच्या दुधाच्या भुकटीचा डबा मागवला. डब्यावर प्रमाण लिहिलेले होते. पण पिल्लू हाडाडलेले. मला वाटले, थोडे घट्ट केले तर लवकर बाळसे धरेल. चमचा सपाट घ्यायचा तो मी शीग लावून घेतला. शिवाय उन्हाचा कहर, म्हणून खोके कुलरसमोर ठेवले. म्हणजे एक चूक टाळताना मी दोन नव्या केल्या, आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोक्यातल्या फडक्यावर एक डागही पडला नाही. मला त्याचे कौतुकच वाटले. "केवढं स्वच्छ आहे गं," मी बायकोला म्हणालो. तिने दोन मुले वाढवलेली. ती काही बोलली नाही, पण फडके उचलून तिने उलटसुलट पाहिले. रात्री पिल्लू कुंथू लागले. पोटाला हात लावला तर ते ताणलेले, कडक. तो स्पर्श माझ्या बोटांच्या ओळखीचा होता.

आई उठून आली. तिने चार लेकरांची पोटे सांभाळलेली. तिच्याकडे क्रम ठरलेला होता: आधी बेंबीवर हिंग, मग बोटभर एरंडेल, आणि तरी काही नाही तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून हळूच सारायचा. आमच्या सगळ्या पिढीची पोटे त्या देठाने हलली आहेत, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. ती एरंडेलाची बाटली शोधायला निघाली, आणि मी तिला अडवले. का अडवले ते सांगता येणार नाही. पिल्लू माझ्या तळहाताहून लहान होते, एवढेच.

सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका गाईला तपासून खांद्यापर्यंतचा हात धूत होते. तिथे रांगेत गाई, एक शेळी, आणि कागदाच्या खोक्यातली राई. शेतकरी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लू हातात घेतले आणि मी दुधाचे सगळे सांगू लागलो; कोणता डबा, किती वेळा, किती चमचे. त्यांनी मला थांबवले.

"पाजता काय ते नंतर सांगा, सर. काढता कसं ते आधी सांगा."

मला प्रश्नच कळला नाही.

त्यांनी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळला आणि पिल्लाच्या शेपटीखाली अगदी हलक्या हाताने, चाटल्यासारखा, फिरवू लागले. मिनिटभराने पिल्लाच्या मूत्राची धार लागली. एवढ्याशा जिवात एवढे पाणी कुठे होते कोण जाणे. ते डॉक्टरांच्या तळव्यावरून मनगटापर्यंत वाहिले. पिल्लाने डोळे मिटले. "दोन दिवसांचं आहे हे," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सांगितले ते असे. मांजराचे पिल्लू पहिले तीन-चार आठवडे आपले आपण लघवी करू शकत नाही, की शौच करू शकत नाही. आई दर वेळी पाजल्यावर त्याला खालून चाटते. त्या चाटण्याने ती जागा चेतते आणि पोट मोकळे होते. जे बाहेर येते तेही ती चाटून टाकते, म्हणून अंथरूण कोरडे राहते आणि शिकारी प्राण्यांना वास लागत नाही. आई नसली आणि कोणी हे केले नाही, तर पिल्लू पीत राहते आणि आत साठत राहते.

पुढचे त्यांचे बोलणे मला थोडा वेळ ऐकूच आले नाही. भरल्या पोटाने कोणी कसे मरते, ते मला आता कळले होते.

आमच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यामुळे इथे चहाच्या टपरीवरही तत्त्वज्ञान निघते. कीर्तनात मार्जारन्याय मी लहानपणापासून ऐकत आलो. रामानुजांच्या संप्रदायात पुढे दोन पंथ झाले. एकाने म्हटले, भक्ताने माकडाच्या पिल्लासारखे देवाला घट्ट धरावे. दुसऱ्याने म्हटले, त्याने मांजराच्या पिल्लासारखे स्वस्थ राहावे, आई त्याला तोंडात धरून नेईल. दृष्टांत सुंदर आहे. पण त्या थोर पुरुषांनी मांजरीला पिल्लू नेताना पाहिले, आणि घरी गेले. ती नेऊन ठेवल्यावर काय करते, हे बघायला कोणी थांबले नाही. त्यांच्या घरातल्या बायका थांबल्या असत्या तर आणखी एक पंथ निघाला असता.

असो. डॉक्टरांनी माझ्या बाकीच्या चुका काढल्या, त्याही सांगून टाकतो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील. दूध घट्ट केले की पिल्लाच्या अंगातले पाणी खेचले जाते आणि मळ खडा होतो. डब्यावरचे प्रमाण तेच खरे. गाईचे दूध वासरासाठी असते. मांजरीच्या दुधात त्याच्या सुमारे दुप्पट प्रथिने असतात, आणि गाईच्या दुधातल्या साखरेने बहुतेक पिल्लांना हगवण लागते. पिल्लू गार असताना पाजायचे नाही, कारण गार पडलेल्या पोटात आतडी चालत नाहीत. दोन आठवड्यांच्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. कुलर ऐकून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा मुलगा झालो. पाजताना उताणे धरायचे नाही; आईला पिताना ते पालथेच असते, तसेच धरायचे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. शंभर ग्रॅम वजनाला दिवसभरात अठरा-वीस मिलिलिटर, तेही तीन-चार तासांच्या अंतराने थोडे थोडे. "आणि एरंडेल?" मी आईच्या वतीने विचारले. "एरंडेल नाही, देठ नाही, साबणाची कांडी नाही. माणसांच्या औषधाच्या दुकानातला एनिमा तर मुळीच नाही. त्यातल्या क्षाराने मांजर मरतं." त्यांनी पिल्लाच्या पाठीचे कातडे चिमटीत धरून सोडले, ते हळू हळू खाली बसले. अंगात पाणी कमी आहे म्हणाले, आणि कातडीखाली थोडे सलाइन दिले. आणखी दोन दिवस वाट पाहा, पोट फुगले किंवा ओकारी झाली तर लगेच या, असे सांगून ते शेळीकडे वळले.

घरी येऊन मी हे सारे आईला सांगितले. देठाला बंदी झाल्याचे तिला आवडले नाही. पण चाटण्याचे ऐकून ती गप्प झाली. "गाय वासराला चाटते, ते काय उगीच?" एवढेच म्हणाली.

पहिले दोन-चार वेळा मी कापूस फिरवला. लघवी व्हायची, पुढे काही नाही. माझा हात जड, आणि मला किळसही होती. ती लपवायची म्हणून मी घाई करीत होतो. तिसऱ्या वेळी आईने माझ्या हातातून पिल्लू काढून घेतले. कापूस तिला पसंत पडला नाही. तिने आपल्या जुन्या नऊवारीची चिंधी काढली, असंख्य धुण्यांनी सायीसारखी झालेली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मांडीवर, तिच्यावर पिल्लू पालथे, आणि एका बोटाला गुंडाळलेली ओली चिंधी. ती पोटावरून कडेकडेने बोट फिरवी, मग शेपटीखाली. तोंडाने काहीतरी पुटपुटणे चालू. त्या रात्री दर तीन तासांनी ती उठली. तिचे गुडघे दुखतात, खाली बसली की उठताना भिंत धरावी लागते. मी म्हणालो, "तू निज, मी बघतो." ती म्हणाली, "तुला नाही जमत."

दुसऱ्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. दिवा बारीक होता. तिचे बोट चालू होते.

"तुझं ते पिल्लू," ती मध्येच म्हणाली, "नदीकाठच्या घरातलं."

मला वाटले होते, ती ते विसरली असेल.

"ते पिईना तेव्हा तू मला विचारायला आला होतास. मी चुलीपाशी होते. मीच म्हटलं, पाज अजून, भूक असेल. तू नको म्हणत होतास."

हे मला आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही. माझ्या आठवणीत मी एकटाच पाजतो आहे. "तेव्हा कुणाला काय माहीत होतं, आई," मी म्हणालो. ती म्हणाली, "चार लेकरं झालेली बाई मी. पोट तरी बघायचं होतं." पुढे आम्ही दोघेही बोललो नाही. मी कधी आत जाऊन झोपलो ते कळले नाही.

पहाटे तीनच्या सुमारास तिची हाक आली, "झाली रे, झाली!" बायको दचकून उठली. तिला वाटले, गावी जावेच्या सुनेला कळा लागल्या होत्या, तिकडून फोन आला. आम्ही तिघे, मागून धाकटी, असे चिंधीभोवती उभे राहिलो. आधी एक काळपट खडा, हरभऱ्याएवढा. आणि त्यामागून हळदीच्या लेपासारखे मऊ, पिवळे. राजाच्या घरी पुत्र व्हावा तसा आनंद झाला. पिल्लू आईच्या तळहातावर मान टाकून निजले आणि तासाभराने भुकेने ओरडत उठले.

त्यानंतरचे फारसे सांगण्यासारखे नाही. वजन रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढू लागले. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते आपले आपण राखेच्या पाटीत जाऊ लागले. पण मग खायला काय, हा प्रश्न आला. आई माळकरी, आमच्या घरात अंडेही येत नाही. आमच्याकडे मांजरे दूधभाकरीवर वाढतात असे म्हणतात. खरे तर ती दूधभाकरी खाऊन बाकीचे उंदरांवर भागवतात. घरकोंड्या पिल्लाला नुसती कोरडी भाकरी म्हणजे पुन्हा खडा. शिवाय मांजराला टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसातूनच मिळते, ते नसले तर डोळे आणि हृदय जाते. मी भीतभीत आईला सांगितले. तिने थोडा विचार केला. "त्याला कुठं माळ घातलीय?" ती म्हणाली. तेव्हापासून ज्यांनी मला वाटेत टोकले होते त्याच अण्णांकडून उकडलेल्या कोंबडीची वाटी, रस्श्यासकट पण बिनमीठमसाल्याची, पडवीत येऊ लागली. दुकानातले कोरडे खाणेही आणतो, ते पाण्यात मऊ भिजवून. पाण्याची वाटी खाण्यापासून लांब ठेवली की ते जास्त पाणी पिते, असे आम्हांला दिसले. एकदा पुन्हा पोट धरले तेव्हा आईने उकडलेल्या डांगराचा अर्धा चमचा त्या रस्श्यात कालवला. डॉक्टरांना फोनवर विचारले. डांगराला त्यांची ना नव्हती. देठ गेला, पण डांगर राहिले, ह्याचे तिला समाधान आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी मी परत आलो तर अंगणात आई ओरडत होती. राईने राखेची पाटी सोडून तुळशीवृंदावनात खड्डा उकरला होता, बसली होती, आणि वर नीट माती ओढून पायऱ्यांवर अंग चाटीत होती. आईने ओरडायचे तेवढे ओरडून घेतले. मग भिंतीला धरून ती वाकली आणि काडीने माती बाजूला करून तिने आत पाहिले.

"मऊ आहे," ती म्हणाली.